निवडुंगाला पाणी कधी घालू नये

निवडुंग आमच्या घरात आला तो रोख दहा रुपये मोजून. साल १९८८. मी तेव्हा सोलापूरला बँकेच्या शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. गावाबाहेर एक रोपवाटिका होती. तिच्या मालकांना विहिरीवरच्या पंपासाठी आम्ही कर्ज दिले होते. हप्ते वेळेवर येत. एकदा पाहणीला गेलो असता कुंपणाच्या कडेला एक हिरवा खांब उभा दिसला. माझ्याहून उंच, सरळसोट, अंगावर उभे कंगोरे आणि कंगोऱ्यांच्या धारेवर ओळीने काटे. पान नाही, फांदी नाही, सावलीही धड नाही. मी विचारले, "हे काय?" मालक म्हणाले, "खांब निवडुंग, साहेब. याला काही करावं लागत नाही." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कोयत्याने शेंड्याचा हातभर तुकडा छाटून, गोणपाटात गुंडाळून माझ्यापुढे धरला. कर्जदाराकडून काही घ्यायचे नाही, हा नियम. मी दहाची नोट पुढे केली. ते हसले, पण नोट घेतली. वर म्हणाले, "आठ-पंधरा दिवस असाच पडू द्या. ओला लावला तर कुजंल."

ज्याला काही करावे लागत नाही असे झाड! बदलीच्या नोकरीतल्या माणसाला ते देवाने धाडल्यासारखेच वाटले. पण मालकांचे ते वाक्य अर्धेच खरे होते, हे कळायला मला बत्तीस वर्षे लागली.

घरी स्वागत कसे झाले ते सांगायला नको. आई म्हणाली, "काटेरी झाड उंबऱ्याच्या आत नको." बायको म्हणाली, "अहो, लोक मोगरा आणतात, जाई आणतात. तुम्हाला हेच सापडलं?" शेवटी तडजोड झाली. परसात, धुण्याच्या दगडापासून लांब, फुटक्या माठाच्या बुडात तो लागला. सहा महिन्यांत मूळ धरून वीतभर वाढला. ताठ मानेने उभा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण जवळ जायची कोणाची छाती नाही. बायकोने त्याचे नाव ठेवले 'ऑडिटरसाहेब'. माझ्या शाखेत दरवर्षी येणाऱ्या तपासनिसांना तिने पाहिले होते. नाव चपखल होते.

१९९२ साली चिपळूणला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढवताना मी म्हणालो, "हा राहू दे इथेच." तोवर तो कमरेच्या वर गेला होता. बायको काही बोलली नाही. आत गेली, आईचे जुने नऊवारी लुगडे आणले, त्याच्याभोवती गुंडाळले, वरून वर्तमानपत्रांचे थर बांधले आणि हमालाला म्हणाली, "हे सांभाळून, हां. काच आहे." चिपळूणच्या पावसात तो जगणार नाही, अशी माझी खात्री होती. तो जगला. तिने त्याला पडवीच्या आत, पागोळ्या पोचणार नाहीत अशा जागी ठेवला होता. मी सकाळी नऊला घर सोडायचो आणि रात्री आठला परत यायचो. झाड आहे आणि हिरवे आहे, एवढेच मला दिसे. १९९६ साली पुण्याला आलो, गच्ची मिळाली आणि ऑडिटरसाहेब सिमेंटच्या मोठ्या कुंडीत कायमचे स्थानापन्न झाले.

*

निवडुंग हा शब्द आपण फार सैल वापरतो. घाटात, गडाच्या वाटेवर, शेताच्या बांधावर उभा असलेला आपला त्रिधारी निवडुंग दिसायला या खांबाचा सख्खा भाऊ वाटतो. पण त्यांचे नाते नाही. त्रिधारी हा एरंडाच्या गोतातला. त्याला चिरा पाडली की पांढरा चीक येतो, आणि तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला धोका. कॅक्टस कुळातल्या या खांबांना तसा दुधाळ चीक नसतो. आणखी एक खूण आहे. कॅक्टसचे काटे थेट सालीतून फुटत नाहीत; प्रत्येक झुबक्याखाली लोकरीसारखी इवलीशी गादी असते. काटे, फुले, नव्या फांद्या, सगळे त्या गादीतूनच येते. गादी दिसली तर कॅक्टस, नाही तर दुसरा कोणी.

आणि हे सगळे कॅक्टस कुळ मुळात अमेरिका खंडातले. वेलीसारखी लोंबणारी एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेत रानटी आढळते; बाकी सारे कोलंबसानंतर जहाजांतून जगभर गेले. आपल्याकडचा फड्या निवडुंगही परदेशीच. किरमिजी रंग देणारे किडे पोसायला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडे त्याच्या बागा करण्याचा उद्योग झाला. रंगाचा धंदा काही फळला नाही, फड मात्र रानोमाळ पसरले. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून त्याच जातकुळीतला दुसरा किडा आणून दक्षिण भारतात सोडला, तेव्हा कुठे हा फैलाव आटोक्यात आला. किड्यासाठी आणलेले झाड, आणि झाडासाठी आणलेला किडा. सरकारी कारभाराच्या फायली वाचत आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

आमच्या ऑडिटरसाहेबांचे शास्त्रीय नाव सेरियस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ मेणबत्ती. दक्षिण अमेरिकेतली ही जात आपल्याकडे सर्वांत सोपी आणि स्वस्त. हौस वाढली की निळसर झाक असलेला पिलोसोसेरियस घ्यावा. त्याच्या निळ्यावर पिवळे काटे फार शोभतात. मेक्सिकोच्या हिदाल्गो भागातला 'म्हातारा निवडुंग' तर पाहतच राहावा असा. सगळ्या अंगावर पांढरे लांब केस, जणू कोणी आजोबा केस विंचरायचे विसरले आहेत. ते केस शोभेचे नाहीत. कडक उन्हापासून आणि रात्रीच्या थंडीपासून ते त्याला राखतात. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या गोंड्याचे जे छोटे कॅक्टस मुले हट्टाने घ्यायला लावतात, ते खरे तर कलम असते. वरच्या गोंड्यात हरितद्रव्यच नसते. खालचा तीनधारी हिरवा दांडा त्याला पोसतो. हा दांडा म्हणजे सांगली-सोलापूर भागात आता शेतकरी ज्याच्या बागा लावतात, त्या ड्रॅगनफ्रूटच्या गोतातला. दांडा गेला की गोंडा गेला.

*

या झाडाचा खरा चमत्कार रात्री घडतो. इतर झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. वाळवंटात दिवसा दार उघडले तर आतले पाणी उडून जाणार. म्हणून कॅक्टस दिवसभर दारे बंद ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा, दार लावून घेऊन, उन्हाच्या जोरावर त्याचे अन्न करतो. रात्री जमा, दिवसा खर्च. रोजच्या रोज खाते जुळलेले.

या गोष्टीचा धागा भारताशी जुळतो, हे वाचून मला मौज वाटली होती. आपण लहानपणी पानफुटीचे पान वहीत ठेवायचो, त्याच्या कडेला रोपे फुटायची. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही पाने चावून पाहिली. सकाळी पान आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. त्याने हे लंडनला कळवले आणि १८१५ साली ते छापून आले. रात्री साठवलेले आम्ल दिवसा संपते, म्हणून चव बदलते. कारणाचा उलगडा पुढे सावकाश होत गेला.

कंगोऱ्यांचेही असेच. पाणी मिळाले की खांब फुगतो, कंगोरे पसरतात. पाणी आटले की आक्रसतात. बाजाच्या पेटीचा भाता जसा उघडतो-मिटतो, तसे. साल फाटत नाही. म्हणजे झाड तहानलेले आहे की तृप्त, हे सांगायला ते स्वतःच समर्थ असते. पाहणारा हवा.

२००४ सालच्या जून महिन्यात आमच्या खांबाला पहिली कळी आली. सोळा वर्षांनी. बोटाएवढी कळी दिवसामाजी फुगत गेली आणि एका रात्री नऊनंतर उमलू लागली. पांढरे शुभ्र, पसरट, वीतभर फूल. मंद वास. सगळी इमारत गच्चीवर. खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर ब्रह्मकमळच!" तशा त्या फार चुकल्या नाहीत. आपण ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो आणि ज्याची पूजा करतो, तोही मेक्सिकोकडचा एक कॅक्टसच. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. त्या रात्री ऑडिटरसाहेबांना कुंकू लागले. आई तेव्हा हयात होती. ती फुलाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "उंबऱ्याच्या आत असता तरी चाललं असतं." सकाळी ऊन चढेपर्यंत फूल मिटले होते.

*

जानेवारी २०२० मध्ये माझी पत्नी गेली. आजार तीन आठवड्यांचा. पुढे दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. लेक अमेरिकेत, विमाने बंद. घरात मी आणि गच्चीवर तो. लिहायला बसलो तर ओळ सुचत नव्हती. सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न मोठा होता. मी झाडांना पाणी घालू लागलो. तुळस, मोगरा, जास्वंद आणि ऑडिटरसाहेब. रोज, न चुकता, प्रत्येकाला तांब्याभर. तिच्या मागे तिची झाडे वाळू द्यायची नाहीत, एवढे एकच काम मला नीट करायचे होते. एप्रिल-मेच्या उन्हात ते खपून गेले. जून लागला, पाऊस सुरू झाला. सोसायटीने २०१९ मध्ये गच्चीवरची जुनी पत्र्याची शेड काढली होती. त्या वर्षीच्या पावसात तिने त्याच्यावर प्लॅस्टिक बांधले असणार, मला आठवत नव्हते. मी बांधले नाही. पाऊस पडत होता आणि पाऊस नसेल त्या दिवशी मी पाणी घालत होतो.

जुलैच्या मध्यावर बुडाशी रंग बदललेला दिसला. आधी वाटले, वय झाले. खांबाच्या तळाची साल वयपरत्वे तपकिरी, लाकडासारखी होते, हे मी पाहिले होते. पण या वेळी अंगठ्याने दाबले आणि अंगठा आत गेला. पिवळट, आंबूस पाणी बाहेर आले. वर अकरा फुटांचा खांब हिरवागार, शेंड्याला नवे काटे. बँकेत अशी खाती मी पाहिली होती. ताळेबंद देखणा, आणि आत सगळे पोकळ.

बागकामातल्या एका मित्राला फोन लावला. त्याने विचारले, "पाणी किती घालतोस?" मी सांगितले. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "तू त्याला बुडवलंस रे." त्याने वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण फोन ठेवल्यावर मी गच्चीच्या कठड्याशी बसलो आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन आम्ही खांब दोरीने तोलून आडवा केला. मित्र फोनवर. करवत स्पिरिटने पुसून पहिला काप घेतला. आत मधोमध जो गाभ्याचा गोल असतो, तो लाल-तपकिरी. म्हणजे कूज वर चढलेली. करवत पुन्हा पुसायची, हातभर वर पुन्हा काप. पुन्हा तपकिरी. मित्र सांगत होता, "एक ठिपका दिसला तरी थांबू नकोस. दया आली की झाड गेलं." सात काप झाले. सातव्या कापाला आतला गोल पांढरट-हिरवा, स्वच्छ निघाला. अकरा फुटांतले अडीच फूट उरले होते. जवळपास तेवढाच, जेवढा मी सोलापूरहून आणला होता.

तो तुकडा कापलेल्या तोंडावर गंधकाची पूड लावून, घरातल्या कोरड्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा ठेवला. आडवा ठेवला तर तो उजेडाकडे वाकतो. उंबऱ्याच्या आत, दिवाणखान्यात. चार आठवडे. ओलाव्याचे दिवस, म्हणून जरा जास्तच. जखमेवर कडक पापुद्रा धरल्यावर तो कोरड्या मिश्रणात रोवला, काठीचा आधार दिला आणि पाण्याचा थेंब घातला नाही. हे 'न घालणे' मला फार जड गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हलवून पाहिले तर तो हलेना. खाली मुळे धरली होती.

त्याच सुमारास जुनी कागदपत्रे आवरताना कॅलेंडरांचा गठ्ठा सापडला. आमच्या घरी कालनिर्णयाच्या पानांवर दुधाचा, इस्त्रीचा, गॅसच्या टाकीचा हिशेब लिहिला जाई. गेलेल्या वर्षांची कॅलेंडरे ती टाकत नसे. त्या चौकटींत तिच्या बारीक अक्षरात अधूनमधून एक शब्द होता. 'ऑडि. पाणी.' मार्चपासून मेपर्यंत दहा-बारा दिवसांनी एकदा. जूनमध्ये एक नोंद, 'ऑडि. आत घेतला' किंवा 'प्लॅ. बांधले'. मग ऑक्टोबरपर्यंत एकही नाही. थंडीत महिन्याला एक, तीही 'थोडे'. एका वर्षी, ऑगस्टमध्ये, 'काटकुळा दिसतो. तरी नको.' चिपळूणची कॅलेंडरेही होती. तिथे तर मेअखेरपासून दसऱ्यापर्यंत कोरी चौकट. एकतीस वर्षे. मी आणला असे मी सगळ्यांना सांगत आलो. जगवला तिने, आणि तोही बहुतांशी काही न करून. ते न करणे किती काळजीपूर्वक केलेले होते, याची मला दादही नव्हती.

*

तेव्हापासून मी तिच्या चौकटी समोर ठेवून हे झाड शिकलो. ज्यांना घरी खांब निवडुंग ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी त्यातले थोडे सांगतो.

पहिली गोष्ट ऊन. दिवसाकाठी चार-पाच तास तरी थेट ऊन हवे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेला ठेवलेला खांब महिन्या-दोन महिन्यांत शेंड्याशी बारीक, फिकट होत जातो. लोकांना वाटते, वाढला. ती वाढ नव्हे, उजेडासाठी केलेली धडपड. बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही आणि पुढे तिथेच मोडतो. मात्र सावलीतला खांब एकदम वैशाखाच्या उन्हात नेऊ नये. साल भाजते, आणि तो पांढुरका डाग जन्मभर राहतो. आठ-दहा दिवस थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे. पंधरा दिवसांनी कुंडी पाव वळण फिरवावी, म्हणजे खांब एका बाजूला कलत नाही.

दुसरी गोष्ट निचरा. काळी माती नको. एक भाग पोयटा, दोन भाग जाड नदीची वाळू आणि विटांचा बारीक चुरा, मूठभर जुने कुजलेले शेणखत. समुद्रकाठची वाळू घेऊ नये. तीत मीठ असते. कुंडी मातीची, जड आणि बुडाला भोक असलेली. झाड वरून वजनदार होते. हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीतला खांब वळवाच्या वाऱ्यात आडवा होतो आणि अंगाखाली कोणी आले तर दुखापत करतो. घरात रांगते मूल असेल तर हा पाहुणा दोन वर्षे थांबवावा.

तिसरी गोष्ट पाणी, आणि इथेच बहुतेक जण माझ्यासारखे फसतात. घालायचे तेव्हा बुडातून निथळेपर्यंत घालायचे. मग माती तळापर्यंत सुकेपर्यंत हात आवरायचा. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खोल खुपसावी. काडीला ओल किंवा माती चिकटून आली तर थांबावे. पावसाळ्यात छपराखाली घ्यावे. थंडीत जेमतेम. शंका आली तर घालू नये. तहानेने सुकलेला खांब पाण्याने आठवड्यात भरतो. कुजलेल्याला औषध एकच, करवत.

बुडाशी तपकिरी रंग दिसला तर घाबरण्याआधी दाबून पाहावे. कडक, कोरडा असेल तर ते वयाचे लक्षण, झाडाला पेलण्यासाठी आलेला बळकटपणा. मऊ लागला तर त्याच दिवशी कापायला घ्यावे. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून एकेक टिपावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. खांब हलवताना वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी भोवती घ्यावी. हाताला बारीक काटे लागलेच तर चिकटपट्टी लावून ओढावी, निघतात. नऊवारी लुगडे असेल तर उत्तमच.

*

मे २०२२ मध्ये लेकीकडे गेलो. ती ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहते. विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते उभे दिसले. साग्वारो. आमच्या ऑडिटरसाहेबांचे मूळपुरुष शोभतील असे. चाळीस-चाळीस फूट उंच, हात वर केलेले. लेक म्हणाली, "बाबा, यांना तुमच्यासारखीच घाई नसते." खरेच नसते. पहिल्या आठ वर्षांत साग्वारो इंच-दीड इंच वाढतो. पहिले फूल पस्तिशीच्या आसपास. पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षे. कोरड्या जागी शंभरही. आयुष्य दीडशे वर्षांच्या पुढे. पाण्याने पूर्ण भरलेल्या मोठ्या झाडाचे वजन दीड ते दोन टन भरते. असली मुदत ठेव कोणत्याही बँकेला परवडायची नाही. मे महिना फुलांचा. शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे मुकुट होते. प्रत्येक फूल रात्री उमलून दुसऱ्या दुपारपर्यंतच. तेवढ्यात वटवाघळे, मधमाश्या, कबुतरे यांनी उरकायचे. तिथले मूळ रहिवासी टोहोनो ओओडम लोक या झाडांना माणसांतच मोजतात. त्याच्याच वाळलेल्या फासळ्यांच्या लांब काठ्या करून उन्हाळ्यात फळे उतरवतात; त्या सुगीने त्यांचे नवे वर्ष सुरू होते आणि मग पावसाची आळवणी.

पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, लेकीचा फोन आला. आवाज उतरलेला. फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियसवर गेला होता. वाळवंटातल्या झाडाला उन्हाचे काय, असे आपल्याला वाटते. पण रात्रीही गार होत नव्हत्या; कित्येक रात्री पारा ९० फॅरनहाइटच्या खाली उतरलाच नाही. आणि साग्वारोला तर रात्रीच श्वास घ्यायचा असतो. गारवा नाही म्हणून दार उघडता येत नाही, आणि दार उघडले नाही तर उपासमार. शहरातले जुने साग्वारो आतून खचले, हात गळून पडले, काही उभेच्या उभे कोसळले. लेकीच्या गल्लीच्या तोंडावरचा एक, ज्याच्याजवळ उभे राहून आम्ही फोटो काढला होता, तोही गेला. "बाबा, वरून काहीच दिसत नव्हतं हो," ती म्हणाली. मी म्हणालो, "दिसत नाही." यापेक्षा अधिक काही बोलता आले नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघे आईविषयी बराच वेळ बोललो, जे तोवर झाले नव्हते.

आमचा अडीच फुटांचा तुकडा आता माझ्या खांद्याला लागतो. जुन्या झाडाचा शेंडा असल्याने त्याला पुन्हा सोळा वर्षे थांबावे लागले नाही. २०२४ च्या जूनमध्ये त्याला दोन कळ्या आल्या. रात्री दहा वाजता लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती, ती कामावर निघाली होती, तरी थांबली. खालच्या काकू आता जिने चढू शकत नाहीत. त्यांना मी हाताला धरून लिफ्टने वर आणले. येताना त्यांनी हळदीकुंकवाची कोयरी आणली होती.

पाऊस दुसऱ्याच आठवड्यात लागला. मी प्लॅस्टिक बांधले आणि कॅलेंडरच्या चौकटीत तशी नोंद केली. मग ऑक्टोबरपर्यंत चौकटी कोऱ्या ठेवल्या.